आमची जिलबी अचानक शेपूट वाजवायला लागलीय, अंगावर येते. काय चुकतंय?

थेम्सकाठ | शनिवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितेय पण कुणीतरी नीट वाचून सांगा, कारण गेले तीन-चार आठवडे घरात दुसरा विषय नाही. आम्ही इंग्लंडात रेडिंगला असतो, मूळचे साताऱ्याचे. लेक तेरा वर्षांची, दोन वर्षं मागे लागली होती साप पाळायचा म्हणून, शेवटी तिनं स्वतः वाचून वाचून अख्खी वही भरून टिपणं काढली आणि आमच्यासमोर ठेवली तेव्हा आम्ही हो म्हणालो. कॉर्न स्नेक आहे, पैदास करणाऱ्या माणसाकडून पिल्लू असताना आणलेली. केशरी रंग, आणि वेटोळं करून बसली की ताटातली जिलबीच, म्हणून नाव जिलबी. आता अकरा महिन्यांची आहे, लांबी दोन फुटांच्या थोडी वर, काल किचनच्या काट्यावर ७४ ग्रॅम भरली. बिनविषारी जात आहे आणि इकडे तिला ठेवायला परवाना लागत नाही, हे आधीच सांगते.

आत्तापर्यंत इतकी गरीब होती की लेक तिला मनगटाभोवती घेऊन गृहपाठ करायची. पाच आठवड्यांपूर्वी आम्ही तिला प्लास्टिकच्या डब्यातून मोठ्या घरात हलवलं, म्हणजे लाकडी विव्हेरियम, चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच, पुढून सरकत्या काचा. नवं फार महाग पडत होतं म्हणून दुसऱ्या गावातून एकाकडून वापरलेलं आणलं. आणि आठ-दहा दिवसांत हे सुरू झालं. काच सरकवली की ती मान मागे खेचून नागमोडी वळण घालते, शेपटीचं टोक इतक्या जोरात थरथरवते की खालच्या भुश्यावर खुळखुळा वाजल्यासारखा आवाज येतो, आणि तरी हात पुढे गेला तर झेप. तीनदा लेकीला चावली. टाचणी टोचल्यासारखे चार-पाच रक्ताचे ठिपके, साबणानं हात धुतला, बाकी काही नाही. लेक रडली ती दुखलं म्हणून नाही. म्हणाली, आई, ती मला ओळखतच नाही आता.

माझ्या आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर आई म्हणाली तुम्ही तिला जुन्या घरातून काढलंत, तिनं डूख धरलाय. मला माहितीय असं नसतं, पण रात्री झोप लागत नव्हती तेव्हा तेच वाक्य डोक्यात फिरत होतं. तर कुणाला काही कळतंय का? आम्ही नक्की काय चुकतोय?

सह्यकडा | शनिवार, रात्री ११:२५

ताई, आधी डूख डोक्यातून काढून टाका. मी कराडकडचा, चौदा वर्षं झाली लोकांच्या घरातून, विहिरीतून, कोंबड्यांच्या खुराड्यातून साप काढून रानात सोडतोय. डूख धरायला आधी मनात सूड पाहिजे आणि तेवढं सापाच्या मेंदूत नसतंच. त्याला दोनच प्रश्न पडतात, समोरचं मला खाणार का आणि मला ते खाता येईल का. तुमची जिलबी पहिल्या प्रश्नावर अडकलीय, एवढंच.

शेपूट थरथरवणं हा राग नाही, ती भीती आहे. कॉर्न स्नेक अमेरिकेतला, आग्नेय भागातला, फ्लोरिडा, जॉर्जिया, कॅरोलिना तिकडचा. तिथे शेपटीनं खुळखुळा वाजवणारा विषारी रॅटलस्नेकपण राहतो. वाळक्या पाचोळ्यावर बिनविषारी सापानं शेपूट अशी आपटली की ऐकणाऱ्याला दोघांत फरक करता येत नाही आणि तो लांब होतो. आपल्याकडचा तस्कर बघितलाय का कधी? त्याच प्रकारातला आहे. अडचणीत सापडला की पुढचं अंग उचलून अशीच वळणं घालतो, तोंड उघडतो, शेपूट वाजवतो. लोक म्हणतात लई रागीट साप. अर्ध्या तासानं शांतपणे पिशवीत घालून रानात नेला की तोच साप पायाजवळून सरळ निघून जातो, मागे वळूनही बघत नाही. रागीट असता तर वळला असता ना.

म्हणून तुमच्या लेकीला सांगा, तो चावा नव्हे, ती विनंती आहे. आधी मान मागे घेतली म्हणजे थांब. मग शेपूट म्हणजे खरंच थांब. मग फुत्कार. चावा सगळ्यात शेवटी, आधीच्या तिन्ही गोष्टी कुणी ऐकल्या नाहीत की.

एक गोष्ट इथे भारतातून वाचणाऱ्यांसाठी, कारण दर वेळी असा धागा आला की मला खाजगीत मेसेज येतात. आपल्याकडचा कुठलाही साप घरी पाळता येत नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. तस्कर, धामण, मांडूळ, कितीही गरीब असू दे. बाहेरच्या देशातल्या बऱ्याच जातींनाही आता सरकारकडे नोंदणी लागते. ताई इंग्लंडात आहेत म्हणून बोलतोय.

मीठभाकर | रविवार, सकाळी ८:१०

मला राहवत नाही म्हणून लिहितो, ताई राग मानू नका. जो प्राणी सांगतोय मला हात लावू नका त्याला पेटीत ठेवायचंच कशाला? चार बाय दोन म्हणजे आपल्या जेवणाच्या टेबलाएवढी जागा झाली. तिला रानात किती फिरायला मिळालं असतं.

थेम्सकाठ | रविवार, सकाळी ९:०२

राग नाही हो, हा प्रश्न आम्हीही वर्षभर चघळला. जिलबी पिंजऱ्यातच जन्मलेली, तिचे आईबापही पिंजऱ्यातले. इंग्लंडच्या थंडीत बाहेर सोडली तर जगायची नाही, आणि सोडणं गुन्हापण आहे. आता ती आहे म्हटल्यावर तिचं जगणं नीट करणं एवढंच आमच्या हातात आहे. इकडे २००६ चा प्राणी कल्याण कायदा आहे, त्यात पाळलेल्या प्राण्याच्या गरजा पुरवणं हे मालकाचं कर्तव्य म्हणून लिहिलंय, आणि साप त्यातून सुटलेला नाही. म्हणूनच विचारतेय की तिची कुठली गरज आम्ही पुरवत नाहीये.

निळाईत | रविवार, सकाळी १०:३०

माझ्या मामेभावाकडे दुबईत अजगर होता, त्यानं सांगितलं होतं की जाड हातमोजे घालायचे आणि चावला तरी धरून ठेवायचं, तासभर. सोडलं की त्याला कळतं चावल्यावर सुटका होते, मग सवय लागते. एकदा कळलं की चावून फायदा नाही, की मग थंड पडतो.

ऑस्टिनकर | रविवार, संध्याकाळी ६:४५ (इकडे दुपार)

निळाईत, यातला अर्धा भाग खरा आहे आणि तोच घोळ घालतो. चावल्या चावल्या झटक्यात परत ठेवलं तर ते शिकू शकतं हे मान्य. पण तासभर धरून ठेवल्यावर जो थंड पडतो तो शांत झालेला नसतो, त्यानं हार मानलेली असते. मी अकरा वर्षं साप ठेवतोय, आता घरात एक रॉयल पायथन आणि दोन हॉगनोझ. रॉयल पायथन घाबरला की गोळा होतो, डोकं मध्ये आणि बाकी सगळं अंग भोवती, मुठीएवढा घट्ट चेंडू, अमेरिकेत त्याला बॉल पायथन म्हणतात ते त्यामुळेच. पहिलं वर्षभर मला वाटायचं किती लाडका आहे, हातात दिला की हलत पण नाही. तो भेदरलेला होता आणि मी सगळ्या पाहुण्यांच्या हातात देत होतो. आजही आठवलं की वाईट वाटतं.

हॉगनोझ तर अजून वेगळा, त्यातला पूर्वेकडचा जो रानात असतो तो आधी मान नागासारखी चपटी करतो, फूं फूं करतो, आणि तरी तुम्ही हटला नाहीत तर उलटा पडून तोंड वासून जीभ बाहेर टाकून मेल्याचं सोंग घेतो, आणि गंमत म्हणजे तुम्ही त्याला सरळ केलात तर पुन्हा उलटा होतो, कारण त्याच्या हिशोबानं मेलेला साप उलटाच असायला पाहिजे. सांगायचा मुद्दा काय, प्रत्येक जातीची घाबरायची रीत वेगळी आणि त्यातल्या काही आपल्याला शांतपणासारख्या दिसतात. शेपूट वाजवणारी जिलबी निदान स्पष्ट बोलते तरी.

थेम्सकाठ, आता थोडे प्रश्न. चावते तेव्हा चावून सोडते की पकडून वेटोळं घालते? हे महत्त्वाचंय. सोडून लगेच मागे जात असेल तर भीती, पकडून आवळत असेल तर तिला तो उंदीर वाटला, म्हणजे भूक, आणि दोन्हींवरचा उपाय वेगळा. दुसरं, लपायच्या जागा किती? तिसरं, पेटी घरात कुठे ठेवलीय? चौथं, तापमान आणि ते कशानं मोजता? पाचवं, कात कधी टाकली? डोळे दुधाळ निळसर झाले असतील तर तिला धड दिसत नाही, तेव्हा कुठलाही साप चिडचिडा होतो, आठवडाभर हात लावायचाच नाही.

थेम्सकाठ | रविवार, रात्री ९:१५

सांगते. चावून लगेच सोडते आणि मागच्या कोपऱ्यात जाते. पकडून कधीच ठेवलं नाही. जेवण दर सात दिवसांनी एक उंदीर, गोठवलेला, कोमट पाण्यात वितळवून चिमट्यानं देतो. आधी झडप घालून घ्यायची, गेल्या दोन वेळा मात्र घेतलाच नाही, सकाळी तसाच पडलेला. कात दोन महिन्यांपूर्वी, डोळे स्वच्छ आहेत आत्ता.

तापमान गरम बाजूला ३१, थंड बाजूला २३, थर्मोस्टॅट आहे आणि दोन्हीकडे डिजिटल मीटर. लपायला दोन जागा, एक गरम बाजूला एक थंड बाजूला. मध्ये एक फांदी आणि पाण्याचा मोठा वाडगा. बाकी मोकळं ठेवलंय, फिरायला जागा राहावी म्हणून.

पेटी हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारच्या भिंतीला, गुडघ्याच्या उंचीवर. तिला आमची सोबत मिळावी म्हणून तिथे ठेवली. लिहिताना आता मलाच कसंतरी होतंय.

आणि हो, जागा आवडत नसावी असं वाटायचं अजून एक कारण म्हणजे लपायच्या जागेत ती हल्ली बसतच नाही, जास्त वेळ पाण्याच्या वाडग्यातच असते, कधी कधी फक्त नाक वर. लेक म्हणते तिला पोहायला आवडतं.

ऑस्टिनकर | सोमवार, पहाटे ३:३०

बरंच सापडलं मग. जुन्या डब्यात तिच्या चारी बाजू बंद होत्या, अंग कशाला ना कशाला टेकलेलं असायचं. आता ती उघड्या मैदानात आहे. लोक म्हणतात लहान सापाला मोठी पेटी नको, मला ते पटत नाही, पेटी मोठी असल्यानं काही बिघडत नाही, रिकामी असल्यानं बिघडतं. रानात हा साप सालीखाली, पोकळ ओंडक्यात, उंदरांच्या बिळात घुसून बसतो. मध्ये भरपूर सामान टाका, बुचाच्या सालीचे तुकडे, प्लास्टिकची पानं, उलट्या कुंड्या, अगदी फाडलेले पुठ्ठ्याचे रोल चालतील, असं की एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ती पाठ झाकून जाऊ शकेल. तिन्ही बाजू लाकडी आहेत ते चांगलंय, समोरच्या काचेचा खालचा अर्धा भाग कागदानं झाका.

पेटी टीव्हीपासून हलवा. सापाला बाहेरून कान दिसत नाहीत म्हणून लोकांना वाटतं त्याला त्रास नाही, पण खालच्या जबड्यातून त्याला जमिनीची थरथर कळते, शेजारी स्पीकर म्हणजे दिवसभर कुणीतरी चालून येतंय. आणि गुडघ्याच्या उंचीवर पेटी म्हणजे हात कायम वरून येणार. वरून येणारं काय असतं? घार, घुबड. छातीच्या उंचीवर ठेवा आणि हात बाजूनं न्या, अंगाच्या मध्यावर, डोक्याकडे नाही.

कोवळं_ऊन | सोमवार, सकाळी ७:५०

मी नुसती वाचतेय, साप पाळायचा विचारही सहन होत नाही, पण आमचं घर रत्नागिरीकडे, पावसाळ्यात फुरसं हमखास निघतं अंगणात, म्हणून विचारते. सह्यकडा, तुम्ही म्हणालात विनंती, तर आपल्याकडचे विषारी सापपण अशी विनंती करतात का? निदान आधी कळेल तरी.

सह्यकडा | सोमवार, दुपारी १:१५

करतात की ताई, बहुतेक करतात. फुरसं गोल गोल वेटोळी घालून अंगावरचे खवले एकमेकांवर घासतं, करवतीसारखा खरखर आवाज येतो, नाव त्याच आवाजावरून पडलं असं जुने लोक सांगतात. घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते, मोठी घोणस वीस फुटांवरून ऐकू येते. नागाचा फणा तर सगळ्यांना ठाऊक. नागाला लई लोक घाबरतात, पण मला विचाराल तर नाग सगळ्यात सभ्य, उभा राहून सांगतो मी इथे आहे. घात होतो मण्यारच्या बाबतीत. दिवसा तिला डिवचलं तरी ती वेटोळ्यात डोकं लपवते, लोकांना वाटतं मवाळ आहे, आणि रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावली तर कधी कधी कळतही नाही, दुखत नाही फारसं. म्हणून पावसाळ्यात खाली झोपू नका, झोपलात तर मच्छरदाणी गादीखाली खोचून.

आणि बिनविषारीही धमकावतात. धामण गळा फुगवून कुत्र्यासारखी गुरगुरते. पाणदिवड तर चावायला एक नंबर, तिच्याइतकं मला कुणीच फाडलेलं नाही. हरणटोळ तोंडाचा आ करून अंग फुगवतो, मग आतली काळी-पांढरी नक्षी दिसते. मांडूळ बिचारं डोकं खाली दडवून बोथट शेपूट वर करतं म्हणजे मार बसला तर शेपटीला बसावा, आणि या एका सवयीमुळे त्याला दुतोंड्या म्हणून पैशाच्या पावसासाठी पकडून विकतात. त्याचा बचावच त्याच्या जिवावर उठलाय.

१९८० साली पुण्यात नीलिमकुमार खैरे ७२ तास ७२ विषारी सापांबरोबर काचेच्या खोलीत राहिले होते, ते याच गोष्टीसाठी, की साप उगीच चावत नाही हे लोकांना डोळ्यांनी दिसावं. आमच्या पिढीतले कितीतरी सर्पमित्र त्या एका गोष्टीतून तयार झाले. पण ऊनताई, साप चावला तर कुठला होता हे ओळखत बसायचं नाही, पकडायचा तर अजिबात नाही. कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. चावलेला हात-पाय न हलवता गाडीत घालायचं आणि सरकारी दवाखाना. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. थेम्सकाठ ताईंच्या लेकीनं साबणानं हात धुतला ते तिच्या सापाला बरोबर आहे, इथे तसं करून गप्प बसायचं नाही.

गुरंढोरं_डॉक्टर | सोमवार, रात्री ११:०५

मी पशुवैद्य आहे, मुंबईत, माझ्याकडे सरपटणारे प्राणी थोडे येतात पण येतात. वरचे सल्ले चांगले आहेत आणि ते सगळे करावेतच, पण मला एका वाक्यानं जागं केलं. थेम्सकाठ, तुम्ही लिहिलंत की ती लपायच्या जागेत न बसता पाण्याच्या वाडग्यात बसून असते, फक्त नाक वर. जेवण दोनदा नाकारलं. आणि पेटी वापरलेली, लाकडी. गरम बाजू ३१ म्हणजे उकाड्यानं पाण्यात बसतेय असंही नाही.

वागणं बदललं की आपण मनाचा विचार आधी करतो आणि अंगाचा नंतर. उलट करा. आत्ता उठून एक काम करा. वाडग्यातलं पाणी पांढऱ्या बशीत ओता आणि खाली काय बसलंय बघा. मग किचन रोलचा पांढरा कागद ओला करून पिळा, जिलबीला त्यातून हळूच सरकू द्या आणि कागद दिव्याखाली धरा. खसखशीएवढे काळे ठिपके दिसले, आणि त्यातला एखादा चालला, किंवा चिरडल्यावर लाल डाग पडला, तर ते माइट्स आहेत, म्हणजे सापाचं रक्त पिणारे बारीक किडे. डोळ्याभोवतीची खाच आणि हनुवटीखालची घडीपण बघा, तिथे त्या दडतात. खवल्यांवर राखेसारखे पांढरे कण असतील तर ती त्यांची घाण.

थेम्सकाठ | मंगळवार, रात्री १२:४०

झोपले होते, मेसेजचा आवाज आला आणि उठले. लेकीला उठवायचं नव्हतं पण ती जिन्यावरच उभी होती.

बशीत पाणी ओतलं. आधी वाटलं भुश्याचा चुरा आहे. मग लेकीनं मोबाइलचा टॉर्च लावला. गोल, काळे, सगळे एकसारखे, वीसेक तरी असतील, बुडून तळाला बसलेले. एक मात्र बशीच्या काठावर चालत होता. मग नवऱ्यानं जिलबीला उचललं, त्याला झेप घातली पण चावली नाही, आणि ओल्या कागदात घेतली. ती कागदातून सरकताना शेपूट वाजवायची थांबली. कागदावर सात ठिपके. लेकीनं एक नखानं चिरडला, लाल रेघ उमटली. म्हणाली, आई हे जिलबीचं रक्त आहे. डोळ्याच्या कडेला पण दोन होते, खवला थोडा उचललेला दिसत होता, आम्ही रोज बघत होतो आणि दिसलं नव्हतं.

म्हणजे पाच आठवडे तिला कुणीतरी जागोजागी चावतंय, आणि आम्ही तिला उचलायला गेलो की त्याच जागा दाबत होतो. आणि आम्ही म्हणत होतो की ती बदलली.

डॉक्टर, आता काय करू? नेटवर कडुनिंबाचं तेल, ऑलिव्ह तेल, कुत्र्याचा स्प्रे, काय काय दिसतंय.

गुरंढोरं_डॉक्टर | मंगळवार, सकाळी ६:३०

तेलं नकोत, कुत्र्याचा स्प्रे आपल्या मनानं तर मुळीच नको. ७४ ग्रॅमचा जीव आहे, औषधाचा डोस चुकला की माइट्सच्या आधी तीच जायची. तुमच्याकडे सरपटणारे प्राणी बघणारे पशुवैद्य आहेत, आजच वेळ घ्या, जाताना तो कागद झिपच्या पिशवीत घालून न्या. मी इथून औषधाचं नाव देणार नाही, त्यांनी तिला बघून ठरवायचं.

तोपर्यंत तिला जुन्या प्लास्टिकच्या डब्यात हलवा, खाली नुसता पांढरा किचन रोल, रोज बदलायचा, लपायला पुठ्ठ्याचा डबा जो रोज फेकता येईल, आणि पाणी. पांढऱ्या कागदाचा फायदा असा की ठिपके मोजता येतात. लाकडी पेटीतला भुसा, साल, फांदी सगळं पिशवीत बांधून घराबाहेर. लाकडाच्या सांध्यांत आणि काचेच्या खाचेत त्यांची अंडी असतात, म्हणून उपचार एकदा करून भागत नाही, अंड्यातून नवे निघतात आणि आठवड्यात पुन्हा तेच. वैद्य सांगतील तितक्या वेळा पुन्हा करायचं, मध्ये कंटाळून सोडायचं नाही. या माइट्स माणसाच्या अंगावर राहत नाहीत, पण हातावरून, कपड्यावरून दुसऱ्या सापाकडे जातात, कुणाकडे साप असेल तर सध्या जाऊ नका.

आणि अपराधी वाटून घेऊ नका. तुम्ही तिला रागीट म्हणून सोडून दिलं नाहीत, विचारलंत.

ऑस्टिनकर | मंगळवार, रात्री ८:१०

मी आधी हे विचारायला हवं होतं, पाण्याच्या वाडग्याचं वाक्य मी वाचून पुढे गेलो. डॉक्टरांचे आभार. वापरलेली लाकडी पेटी घरात आली की आधी वाफेनं सांधे साफ करून, सिलिकॉननं बुजवून, काही आठवडे रिकामी ठेवायची, हे इथे वाचणाऱ्या सगळ्यांनी लिहून ठेवा. नवा साप आणला तरी तसंच, दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत, कागदावर.

आता तिचं पोट भरलेलं नाही, अंगात त्रास आहे, उपचारासाठी उचलावंच लागणार आहे. म्हणून त्याशिवाय एकदाही उचलू नका, लाडासाठी नाही, दाखवायला नाही. लेकीला सांगा डब्याजवळ बसून अभ्यास कर, बोल, वाच, हात आत घालू नकोस.

मीठभाकर | मंगळवार, रात्री ९:३०

ताई, परवाचं माझं बोलणं मागे घेत नाही, पिंजऱ्याबद्दल माझं मत तेच आहे. पण रात्री बारा वाजता उठून बशीत पाणी ओतणारं घर तिला मिळालंय. ती बरी झाली की कळवा, मी वाट बघतोय.

थेम्सकाठ | तीन आठवड्यांनंतर

उशीर झाला, माफ करा. वैद्यांकडे दुसऱ्याच दिवशी गेलो. त्यांनी भिंगातून बघून सांगितलं बराच प्रादुर्भाव आहे पण वेळेत आलात, रक्त कमी झाल्याची मोठी लक्षणं नाहीत. औषध त्यांनीच पहिल्यांदा लावलं आणि पुढच्या तारखा लिहून दिल्या. लेकीनं वहीत रकाने आखले, रोज सकाळी कागदावरचे ठिपके मोजायचे. पहिल्या दिवशी ३१, मग १२, मग ४, मग नवव्या दिवशी परत ११ झाले तेव्हा ती फार खचली, पण डॉक्टरांनी इथे अंड्यांचं लिहिलं होतं ते तिला वाचून दाखवलं. गेले सहा दिवस शून्य.

लाकडी पेटी टाकूनच दिली, साफ करून वापरायची हिंमत झाली नाही. नवऱ्यानं जादा शिफ्ट घेऊन नवी घेतली. ती आता माळ्यावरच्या खोलीत, छातीच्या उंचीवर, आत इतकी साल आणि पानं की जिलबी शोधावी लागेल. पण अजून तिला त्यात सोडलेली नाही, वैद्य म्हणाले अजून दोन आठवडे कागदावरच.

शेपूट अजून वाजवते, पण आधीसारखी डब्याचं झाकण हललं की लगेच नाही. काल उंदीर घेतला. लेक दाराआड उभी राहून बघत होती.

सह्यकडा | त्याच रात्री

वा ताई. इकडे परवा एक धामण काढली, तिच्या अंगावर गोचिडं लटकलेली, मोजून नऊ, एक तर डोळ्याच्या वर. गावकरी म्हणत होते लई खवळलीय, कुणाला जवळ येऊ देत नाही. मला तुमची जिलबी आठवली. वनखात्याच्या डॉक्टरांकडून काढून घेतली सगळी आणि मगच सोडली.

थेम्सकाठ | आणखी सहा आठवड्यांनंतर

शेवटचं कळवते. जिलबी नव्या पेटीत येऊन महिना झाला. कात टाकली, एका सलग तुकड्यात, डोळ्यांवरच्या टोप्यांसकट, लेकीनं ती वहीच्या पानांत ठेवलीय. वजन ९१ ग्रॅम. पाण्यात बसत नाही, प्यायला येते आणि जाते.

लेकीनं तुमचं सगळ्यांचं ऐकून आपली एक रीत बसवलीय. काच सरकवायची आणि थांबायचं. जिलबीची मान मागे गेली तर काच बंद, त्या दिवशी नाही. जीभ हळूहळू आत-बाहेर करत ती वास घेत राहिली तर हात बाजूनं आत, जमिनीला टेकवून, तसाच ठेवायचा. पहिले अकरा दिवस काच बंदच करावी लागली. बाराव्या दिवशी जिलबी सालीच्या खालून अर्धी बाहेर आली, हाताचा वास घेतला, आणि परत गेली. लेक तेवढ्यावर इतकी खूश होती की जेवताना चार वेळा सांगितलं.

आज सकाळी शाळेआधी ती मनगटावर चढली, स्वतःहून. पाच मिनिटं. मग लेकीनंच तिला परत साल दाखवली आणि ती खाली उतरून गेली. शेपूट वाजली नाही. मी आईला व्हिडिओ कॉल लावून दाखवलं, आई बराच वेळ बघत राहिली आणि मग विचारलं, तिला आता कुठे काही चावत नाही ना.

गुरंढोरं_डॉक्टर | दुसऱ्या दिवशी

आईंना सांगा, नाही. आणि दर महिन्याला एकदा ओला पांढरा कागद, विसरायचं नाही.